पिलारचं बाळंतपण

अनुराधा यमुनाची ओळख दोन तऱ्हांनी करून द्यायची. मंडळातली मराठी माणसं घरी आली की, "या यमुनाताई, पद्माकरच्या मामेबहीण." आणि शेजारची इंग्रज बाई कुंपणापाशी भेटली की, "यमुना, अवर ओ पेअर." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यमुनाला वाटलं, हेही एखाद्या नात्याचंच नाव असेल. पुढे पार्कात भेटणाऱ्या मुलींनी तिला सांगितलं, की ओ पेअर म्हणजे परदेशातून आलेली, अठरा-वीस वर्षांची, घरातल्यासारखी राहून मुलं सांभाळणारी आणि संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जाणारी मुलगी. यमुना तेव्हा सदतिशीची होती आणि तिला क्लासला कुणी पाठवलं नव्हतं.

"मग मी कोण?" तिने विचारलं.

"तू ओ पेअरांची मम्मी," पिलार नावाची स्पॅनिश मुलगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. यमुनाही हसली. कुणी चिडवायचं म्हणून का होईना, तिला आई म्हटलं होतं.

मिल्टन कीन्स तेव्हा अजून उभं राहत होतं. घरं नवी, झाडं काठ्यांना बांधलेली, आणि मोठ्या रस्त्यांवर चौकांऐवजी एकामागून एक गोल राउंडअबाउट. ज्याच्याकडे गाडी तो माणूस. बाकीच्यांनी लाल डांबराच्या रेडवेवरून चालायचं. त्या लाल वाटांवर दुपारी फक्त बाबागाड्या ढकलणाऱ्या बायका दिसायच्या. डॉक्टर पद्माकर हॉस्पिटलात भूल द्यायचा, अनुराधा सर्जरीत, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, पेशंट बघायची, आणि चार वर्षांच्या शिल्पाला घेऊन यमुना अशी चालत राहायची. इंग्रजी ती शिल्पाकडूनच शिकली. त्या बदल्यात शिल्पाला मराठी. ते मराठी कसं होतं, तर "मावशी, माझा बाहुली भिजला."

यमुना कराडची. नवरा तिला सोडून नाशिकला दुसरीबरोबर राहत होता, आणि दहा वर्षं ती धाकट्या भावाच्या, श्रीनिवासच्या घरी होती. होती म्हणजे स्वयंपाकघरात होती. पद्माकरचा फोन आला, की शिल्पासाठी घरचं माणूस पाहिजे, तेव्हा श्रीनिवासने एका दिवसात होकार कळवला. यमुनाला त्याने विचारलं ते पासपोर्टचे फोटो काढायला नेताना. तिला राग आला नाही असं नाही. पण तिने मनाशी म्हटलं, निदान इथून तरी सुटका. मंगळसूत्र तिने कराडलाच कपाटात ठेवलं आणि विमानात मोकळ्या गळ्याने बसली.

व्हिसा पद्माकरच्या घराशी बांधलेला होता. ते घर सोडलं तर देश सोडायचा, एवढं तिला नीट समजावून सांगण्यात आलं होतं.

सत्त्याऐंशीच्या वसंतात एके दुपारी शिल्पाला शाळेतून आणायला निघालेली यमुना पार्काशी थबकली. पिलार बाकावर बसली होती, पायाशी सूटकेस, अंगात हिवाळ्यातला जाड कोट. ऊन चांगलं पडलं होतं. त्या कोटाचा अर्थ यमुनाला तिथेच कळला. मागचे दोन महिने पिलार पार्कात आली की तो कोट काढत नव्हती, हेही तिला आता आठवलं.

"किती महिने?" यमुनाने विचारलं.

पिलारने सात बोटं वर केली. जिच्या घरी ती राहत होती त्या बाईला सकाळी कळलं होतं, आणि दुपारपर्यंत सूटकेस दाराबाहेर आली होती. स्पेनला घरी फोन केला तर वडिलांनी आवाज ऐकून रिसीव्हर ठेवून दिला. आई फोनवर आलीच नाही.

मूल कुणाचं, हे यमुनाने विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. तिने सूटकेस उचलली, पिलारला बरोबर घेतलं, शाळेच्या दाराशी शिल्पाला ताब्यात घेतलं आणि तिघी घरी आल्या. दुपारच्या उरलेल्या वरणात तिने भाज्या घातल्या, भात गरम केला आणि पिलारला समोर बसवून जेवायला घातलं. पिलार रडत रडत जेवली. शिल्पा तिच्याकडे टक लावून बघत होती.

"मावशी, तो का रडतो?"

"ती रडते. भूक लागली होती म्हणून."

संध्याकाळी पद्माकर आणि अनुराधा दोघंही घरी आली तेव्हा पिलार वरच्या चिंचोळ्या बॉक्सरूममध्ये, यमुनाच्या पलंगावर झोपली होती. यमुनाने दोघांना चहा दिला आणि सगळं सांगितलं. तिचं बोलणं विनंतीचं नव्हतं, आणि ते पद्माकरच्या लगेच लक्षात आलं.

"यमू, तुझं मन मोठं आहे, ठीक आहे," तो म्हणाला. "पण ही आपली जबाबदारी नाही. अशा मुलींसाठी इथे सोशल सर्व्हिसेस आहेत. मी उद्या कौन्सिलला फोन करतो."

"कर की. घर देत असतील तर चांगलंच आहे. पण बाळंतपण मी करणार. इथे."

"इथे कुठे?"

"माझ्या खोलीत. मी खाली गादी टाकीन."

"अगं, ती आपली कोण लागते?"

"मी तरी इथे कोण लागते, दादा? एकीला सांगता बहीण, दुसरीला सांगता ओ पेअर. ती नुसतीच ओ पेअर आहे, एवढाच फरक."

अनुराधाने कप खाली ठेवला. "यमुनाताई, मंडळातले लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही असं मी म्हणणार नाही. मला आहे. लग्न न झालेली पोर, परकी, तिचं बाळंतपण आपल्या घरात. शिल्पाला काय सांगायचं?"

"शिल्पाला सांगा, बाळ येणार आहे. तिला तेवढंच पुरतं."

पद्माकर उठून उभा राहिला. तो भल्या स्वभावाचा माणूस होता. आवाज चढला की त्याचं त्यालाच कानकोंडं व्हायचं. पण त्या दिवशी चढला. "असंच करायचं असेल तर मी तिकीट काढतो तुझं. श्रीनिवासला कळवतो."

"काढ," यमुना म्हणाली. "पण उद्या शिल्पाला शाळेतून कोण आणणार, ते आधी ठरव. परवाचंही ठरव. आणि पुढच्या महिन्यात तुम्हा दोघांची एकत्र ड्यूटी आहे, तेव्हाचं."

 यमुनाने टेबलावरचे कप गोळा केले. तिला परत कराडला जायचं नव्हतं. पण जावं लागलं असतं तर ती गेली असती. बोललेला शब्द मागे घेतला नसता.

शेवटी अनुराधा म्हणाली, "शिल्पा झाली तेव्हा मँचेस्टरला होतो आम्ही. पद्माकर ऑन कॉल. मी तिसऱ्या दिवशी घरी आले ती टॅक्सीने. दार मीच उघडलं, आणि शिळ्या ब्रेडचा टोस्ट केला." ती हे नवऱ्याकडे न बघता सांगत होती. "मी हो म्हणत नाहीये, यमुनाताई. मी फक्त नाही म्हणायचं थांबवते."

तेवढ्यावर यमुनाचं भागण्यासारखं होतं.

यमुना हट्टाला का पेटली होती, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पद्माकर त्या काळात इंग्लंडात शिकत होता. सव्वीस वर्षांची असताना यमुना पहिलटकरीण म्हणून माहेरी कराडला आली होती. आई आधीच वारलेली. भावजय सुलक्षणा नुकतीच लग्न होऊन आलेली, वीस-एकवीसची. मूल जन्मलं ते मेलेलंच. मुलगी होती. यमुना दवाखान्यातून घरी आली तेव्हा सुलक्षणाने डिंकाच्या लाडवांसाठी आणलेलं सामान वरच्या फळीवर सरकवून ठेवलं होतं. बाळ नाही, मग बाळंतीण कसली? कुणी शेक दिला नाही, तेल लावलं नाही, पाठीला हात लावला नाही. दूध मात्र यायचं. ते वेळच्या वेळी यायचं, आणि यमुना मोरीत उभी राहून ते पिळून टाकायची. चार-सहा दिवसांत सुलक्षणा बिचकत म्हणाली, "ताई, पोळ्यांचं जरा बघता?" आणि यमुनाने पोळ्या केल्या. सुलक्षणालाही काही माहीत नव्हतं, तिला कुणी शिकवलं नव्हतं, हे यमुनाला पुढे उमगलं. पण शरीर विसरलं नाही.

पद्माकरने कराडला कळवलंच होतं, आणि श्रीनिवासचा फोन आला. परदेशी फोन म्हणून तो ओरडून बोलत होता.

"ताई, आम्ही तुला काय सांगून पाठवलं होतं? लोकांच्या घरी राहतेस, जरा नमतं घे."

"घेतलंय रे. दहा वर्षं तुझ्याकडे घेतलं, दोन वर्षं इथे घेतलं. आता एवढं एक नाही घेणार."

"त्या पोरीचे आईबाप बघतील ना तिचं."

"ते बघत नाहीत म्हणूनच मी बघते. ठेव आता, बिल येईल तुला."

तिने स्वतःच फोन ठेवला. भावाचा फोन आपण आधी ठेवण्याची ही तिच्या आयुष्यातली पहिली वेळ, आणि तिला त्याचं फार बरं वाटलं.

बाळंतपणाचं सामान मिळवणं हे एक कामच होतं. मिल्टन कीन्सच्या दुकानांत ओवा कुणाला माहीत नव्हता, डिंक तर नाहीच. यमुनाने पद्माकरकडे काहीच मागितलं नाही. त्याच्याशी ती कामापुरतंच बोलत होती. एका शनिवारी तो लंडनच्या बाजूला एजवेअरला मित्राकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याने स्वयंपाकघरात एक पिशवी ठेवली. आत डिंक होता, अळीव होते, खारीक, सुकं खोबरं, बाळंतशेपा.

"दुकानात दिसलं," तो म्हणाला आणि बातम्या बघायला गेला.

"बदाम नाही आणलेस," यमुना मागून म्हणाली.

पुढच्या शनिवारी बदाम आले.

जूनमध्ये पिलारला मुलगी झाली. हॉस्पिटलातून तिला आणायला अनुराधा स्वतः गाडी घेऊन गेली. टॅक्सी करायची नाही, असं तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं. दाराशी यमुनाने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग सुरू झालं यमुनाचं राज्य. शेगडी पेटवायची सोय नव्हती, धुराचा अलार्म घरभर बोंब मारी, म्हणून गरम पाण्याच्या रबरी पिशव्या टॉवेलात गुंडाळून तिने पिलारची कंबर शेकली. तेल लावलं. पोट घट्ट बांधलं. सकाळी अळिवाची खीर, मध्ये लाडू, जेवायला तूप-मेतकूट-भात. पिलारला पहिल्या दिवशी खिरीचा वाससुद्धा सहन होईना.

"हे काय आहे?"

"खा. मग सांगते."

आठवड्याने पिलार स्वतःहून वाटी पुढे करू लागली. दुपारी बाळ झोपलं की ती यमुनाच्या मांडीवर डोकं ठेवून तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगायची. यमुनाला शब्द कळत नसत. ती नुसती "हं" म्हणायची आणि केसांतून हात फिरवायची. कधी कधी पिलार आईचं नाव घेऊन चिडायची. ते मात्र भाषा न येताही कळायचं.

तपासायला येणारी हेल्थ व्हिजिटर चांगली बाई होती, पण तिला त्या घराचा उलगडा होत नव्हता. वहीत लिहिता लिहिता तिने यमुनाला विचारलं, की तुम्ही हिच्या कोण? यमुनाला उत्तर मराठीत लगेच सुचलं, पण इंग्रजीत माहेर काही सापडेना.

"आय ॲम हर मदर्स हाउस," ती शेवटी म्हणाली.

त्या बाईने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. यमुनानेही नजर हलवली नाही. बाईने मान डोलावली आणि बाळाचं वजन केलं.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. डॉक्टर चंद्रशेखर यांच्या पत्नी शशीताई मुद्दाम चहाला आल्या. त्या वयाने आणि मानाने मोठ्या. हळदीकुंकवाला यमुनापुढे आल्या की कुंकू लावावं की नाही या विचारात त्यांचा हात दर वेळी हवेत थांबायचा. वरून बाळाचं रडणं ऐकू आलं तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"यमुनाताई, बाप कोण आहे हो तिचा?"

"मी विचारलं नाही."

"विचारायला नको का?"

"माझं लग्न झालेलं होतं, शशीताई. बाप कोण ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याचा मला काय उपयोग झाला, तुम्हीच सांगा."

अनुराधा चहा ओतत होती. तिच्या हातून थोडा सांडला. यमुनाला वाटलं, आता ही विषय बदलेल. पण अनुराधा म्हणाली, "रविवारी बारसं करतोय आम्ही. तुम्ही या. घुगऱ्या करणार आहेत यमुनाताई."

शशीताई आल्या नाहीत. मंडळातलं कुणीच आलं नाही. पण पार्कातल्या मुली आल्या, रविवारची सुट्टी काढून. नुराय नावाची तुर्की मुलगी, दोन डॅनिश, एक स्विस, आणि एक जण तर कुणाच्याच ओळखीची नव्हती, तिला बसस्टॉपवर कळलं होतं म्हणे. सगळ्यांची आपापली घरं दूर. कुणाचा भाऊ आजारी, कुणाच्या आईने दुसरं लग्न केलेलं. कुणी विणलेलं टोपडं आणलं, कुणी केक. नुरायने बाळाच्या दुपट्याला एक निळा मणी टाचला, दृष्ट लागू नये म्हणून. यमुनाने तिला काजळाची तीट दाखवली, आणि दोघींना एकमेकींचं बरोबर कळलं.

पाळणा नव्हता. कपड्यांच्या वेताच्या टोपलीत दुपटं घालून ती दोन खुर्च्यांमध्ये दोरीने टांगली. दोरी पद्माकरने बांधली आणि तीनदा ओढून तपासली. आता नाव कानात सांगायला आत्या हवी. आत्या कुठून आणायची? यमुनाने इकडे तिकडे पाहिलं आणि सहा वर्षांच्या शिल्पाला पुढे ओढलं.

"तू आत्या."

"मी तिचा आत्या?"

"तिची. वाक खाली. कानात कुर्रर्र कर आणि नाव सांग."

शिल्पाने कुर्रर्र केलं ते इतक्या जोरात, की बाळ दचकून रडायला लागलं. नाव होतं इनेस. यमुनाच्या सांगण्यावरून मुलींनी रिवाजाप्रमाणे शिल्पाच्या पाठीत धपाटे घातले आणि सगळं घर हसलं. पिलार भिंतीला टेकून बसली होती, यमुनाची हिरवी साडी गुंडाळून. यमुनाने तिची ओटी भरली. कुंकू लावताना तिचा हात थांबला नाही. मग तिने तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. नवऱ्यासाठी नव्हे, कुणासाठीच नव्हे. तिला लावावंसं वाटलं.

पुढे कौन्सिलने पिलारला एक फ्लॅट दिला, रेडवेने चालत जाण्याच्या अंतरावर. पिलारने शाळेच्या किचनमध्ये काम धरलं, इनेस चालू लागली, बोलू लागली. यमुना पद्माकरकडेच राहिली. पासपोर्टवर कायमचं राहण्याचा शिक्का पडला तोपर्यंत. तो पडल्यावर तिने कौन्सिलकडे चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी, म्हणून नाव नोंदवलं आणि स्वतःचं बिऱ्हाड केलं. पद्माकरने सामान गाडीने पोचवलं. "इथे काही कमी होतं का, यमू?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "कमी नव्हतं, दादा. माझं नव्हतं." तो दुखावला आणि महिनाभर आला नाही. मग शिल्पाला घेऊन आला, आणि जेवून गेला.

यमुनाचं घर म्हणजे दीड खोली, पण रविवारी तिथे बसायला जागा नसे. जुन्या मुली आपापल्या देशी गेल्या, नव्या आल्या. घरची आठवण काढून आजारी पडलेली, मालकिणीशी भांडलेली, बापाच्या मरणाची बातमी फोनवर ऐकलेली. यमुना त्यांना जेवायला घालायची आणि कोणाशी भांडायचं ते शिकवायची. पिलारची आई एकदा येऊन गेली, इनेस चार वर्षांची असताना. काळ्या कपड्यातली, खाली मान घालून बसलेली बाई. यमुनाने तिला चहा दिला, पण तिच्याशी ती हसली नाही. "उशीर केलात," एवढं तिने मराठीत सांगितलं, आणि पिलारने त्याचं भाषांतर केलं की नाही, ते तिला कळलं नाही.

चौऱ्याण्णव साली श्रीनिवासचा फोन आला. सुलक्षणाला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मुलं पुण्याला आणि बंगलोरला.

"ताई, आता परत ये," तो म्हणाला. "घरचं माणूस पाहिजे हिच्याजवळ. तू तिकडे परक्यांचं करतेसच की."

सुलक्षणाबद्दल यमुनाला खरोखर वाईट वाटलं. ती बिचकत बोलणारी एकवीस वर्षांची पोर तिच्या डोळ्यांपुढे आली.

"मी येते," ती म्हणाली. "तीन आठवडे. माहेरवाशीण म्हणून येणार. तू मला वाढायचंस. आणि तिचं सगळं कसं करायचं ते मी तुला शिकवणार."

"मला?"

"नवरा तू आहेस तिचा."

"बायकांचं काम आहे ते, ताई."

"मग मी येत नाही."

आठ दिवसांनी त्याने पुन्हा फोन केला आणि बरं म्हणाला.

ती गेली. पहिल्या दिवशी श्रीनिवासने शेजारणीकडून डबा मागवून तिला वाढला, आणि ती पाटावर बसून सावकाश जेवली. मग तिने त्याला बाही वर करायला लावली. कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची, घास गालाच्या कुठल्या बाजूला द्यायचा, हे सगळं तिने त्याच्याच हातून करून घेतलं. तो संतापला, दोनदा उठून बाहेर गेला. दोन्ही वेळा परत आला. सुलक्षणा डाव्या हाताने यमुनाचा पदर धरून काहीतरी सांगू बघायची. शब्द निघत नसत. यमुना तिच्या पाठीला तेल चोळायची आणि म्हणायची, "राहू दे ग. आता काय त्याचं."

तीन आठवडे संपले तशी ती परत निघाली. श्रीनिवास स्टँडपर्यंत आला नाही. घरी सुलक्षणाजवळ कुणी नव्हतं.

एका रविवारी यमुनाच्या घरात पोरींचा गलका चालू असताना फोन वाजला. इनेसने उचलला आणि ओरडली, "मावशी, तुझा भाऊ आली."

"ताई," श्रीनिवास म्हणाला, "हिच्या केसांचा गुंता सुटत नाही. ओढलं की डोळ्यांत पाणी येतं तिच्या."

"वरून ओढत असशील. टोकाकडून धर. खालचा गुंता आधी सोडव, मग वर जा."

"एक बाई मिळाली असती तर..."

"मिळाली तर ठेव. तोपर्यंत तू विंचर. फोन बाजूला ठेव, मी थांबते."

पलीकडे रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग खाट करकरली. यमुनाने कानाशी फोन धरून दुसऱ्या हाताने गॅस बारीक केला.